धुतलेली खोळ

आमच्या घरात काही हरवलं की सगळे आत्याकडे बघायचे. बाबांचा चष्मा, आईची कात्री, माझं ग्रंथालयाचं पुस्तक. आत्या जागची न हलता विचारायची, "शेवटचं कोणत्या विमानातून उतरलं होतं?" बाबा चिडायचे. "ताई, चेष्टा पुरे. मला उशीर होतोय." मग ती दोन-तीन साधे प्रश्न विचारायची आणि चष्मा फ्रिजवर सापडायचा.

सव्वीस वर्षं तिने विमानतळाच्या मागच्या बाजूच्या एका लांबट खोलीत काम केलं. पट्ट्यावर फिरून फिरून ज्यांना कोणी उचललं नाही, ज्यांच्या मुठीवरची चिठ्ठी फाटून गेली, अशा बॅगा तिथे यायच्या. छतापर्यंत लोखंडी मांडण्या, उंचावर एकच गजांची खिडकी, मधोमध पत्रा ठोकलेलं टेबल. खोलीला एक वास होता. ओल्या कापडाचा, साबणाचा, कुणाच्या तरी बंद घराचा. तो आत्याच्या केसांत बसून आमच्याकडे यायचा. कधी एखाद्या बॅगेत गजराचं घड्याळ रोज सकाळी ठरल्या वेळी वाजायचं, चार दिवसांनी थकल्यासारखं वाजायचं आणि मग बंद पडायचं. आत्या म्हणायची, "मालकाला जाग आली नाही, दुसरं काय."

बॅग एकट्याने उघडायची नाही, हा तिथला पहिला नियम. एकाने वस्तू काढून मोठ्याने सांगायच्या, दुसऱ्याने लिहायच्या, खाली दोघांच्या सह्या. आत्या काढायची आणि काका लिहायचे. काका म्हणजे तिच्यासोबत तिथेच म्हातारे झालेले कारकून. सगळी खोली त्यांना काका म्हणायची, त्यांच्याहून मोठे साहेबसुद्धा. ती यादी मग संगणकात जायची. बॅगेचा रंग, प्रकार, आतल्या वस्तू. प्रवाशाने तक्रारीत काय लिहिलंय आणि यादीत काय आहे, ते यंत्र जुळवून बघायचं. जुळलं तर बॅग घरी. नव्वद दिवसांत नाही जुळलं तर कागदपत्रं वेगळी काढून बाकीची बॅग लिलावाच्या ढिगात.

भिंतीवर रंगांचा तक्ता होता. नवीन माणसं आली की आत्या त्यांना त्या तक्त्यासमोर उभं करायची आणि एकच गोष्ट बजावायची. "बॅग तुम्हाला कशी दिसते ते नाही लिहायचं. मालकाने शेवटची कशी पाहिली, ते लिहायचं."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. म्हणून जे घडलं ते तिच्या हातून घडावं, याचं मला अजून नवल वाटतं. किंवा कदाचित तिच्याच हातून घडू शकत होतं.

एका सकाळी सहा-सात बॅगा एकदम आल्या. कुणाच्या तरी सामानातली तेलाची बाटली फुटली होती आणि खाली ठेवलेल्या सगळ्या बॅगा तेलाने माखल्या होत्या. त्यातल्या एका बॅगेवर घरी शिवलेली कापडी खोळ होती. लाल, वर बारीक पांढरी फुलं. शिवणाऱ्या बाईकडे कापड कमी पडलं असावं, कारण एका बाजूचा तुकडा उलटा लावला होता. तिथली फुलं खाली डोकं वर पाय अशी. आत्याला घाण बघवत नाही. कुणाकडे ती पाहुणी म्हणून गेली तरी आधी ओट्यावरचं फडकं धुते. काका खालून नव्या याद्यांचे कागद आणायला गेले होते. तेवढ्यात तिने खोळ काढली, बेसिनमध्ये साबण लावून दोनदा धुतली आणि खिडकीच्या गजांना वाळत घातली.

काका आले तेव्हा टेबलावर एक करडी, कडक, चाकांची बॅग होती. त्यांनी लिहिलं, करडी.

"पुढे?" काका म्हणाले.

"कपडे. बाईमाणसाचे. नाव-पत्ता कुठे नाही. औषधाची चिठ्ठी नाही. आणि हे काय बाई... लाकडाचे दोन पाय."

"पाय?"

"पायाच्या आकाराचे. छान घोटलेत. एक सरळ आहे, एक वाकडातिकडा."

"काय लिहू?"

आत्याला बॅगेवरून माणूस ओळखायची हौस होती. बहुतेक वेळा तिचा अंदाज खरा ठरायचा, त्यामुळे तिला कोणी टोकत नसे. तिने लाकूड हातात फिरवून पाहिलं. "कुणी तरी आवडीने घेतलेलं दिसतंय. शोभेच्या वस्तू लिहा. लाकडी, दोन."

संध्याकाळी खोळ वाळली. तिने ती चौकोनी घडी करून बॅगेत वरच ठेवली, यादीच्या खाली हाताने लिहिलं, "कापड, फुलांचं, एक", आणि बॅग मांडणीत सरकवली. एखाद्याची बॅग पुन्हा नीट भरून दिली की तिला बरं वाटायचं.

त्यानंतर तीन महिने यंत्र त्या बॅगेसाठी गप्प राहिलं. तशा शंभर बॅगांसाठी ते गप्प असायचं.

तो मंगळवार होता. सह्यांचे कागद द्यायला आत्या बाहेर तक्रारीच्या खिडकीवर गेली होती. खिडकीसमोर एक बाई उभी होती, पस्तिशीची, एका अंगाला किंचित झुकून. खिडकीतली मुलगी तिला शक्य तितक्या हळू आवाजात सांगत होती, "ताई, तुम्ही दर मंगळवारी फोन करता, मी दर मंगळवारी बघते. लाल बॅग आमच्याकडे एकही नाही. पादत्राणं म्हणूनही शोधलं."

"पादत्राणं नाहीत हो. साचे आहेत. पायाचे." बाईने हे खूपदा सांगितलेलं असावं, आवाज सपाट होता. "माझा उजवा पाय जन्मापासून वेगळा आहे. गावाकडचे बूटवाले आजोबा माझे बूट करायचे, मी सोळा वर्षांची होते तेव्हापासून. दुकान बंद केलं तेव्हा त्यांनी साचे मला देऊन टाकले. म्हणाले, कुठेही जा, हे दाखव, कोणीही करून देईल. मी शाळेत शिकवते, दिवसभर उभी असते. हे बूट बघा."

बूट फाटले नव्हते, झिजले होते. उजव्याचा तळ आतून कलला होता, त्यात पुठ्ठ्याचा तुकडा घातलेला दिसत होता.

"मग त्या आजोबांनाच पुन्हा..." मुलगी म्हणाली.

"ते गेले. मागच्या महिन्यात."

आत्याने तिच्या खांद्याकडे पाहिलं. तिथे एक कापडी पिशवी होती. लाल, बारीक पांढरी फुलं. त्याच ताग्यातली. पट्ट्याजवळच्या तुकड्यावर फुलं उलटी होती.

आत्या मला म्हणाली, "मी ते कापड हाताने चोळलं होतं गं. मला त्याचा पोतसुद्धा आठवत होता." करडी बॅग तिला आठवली, मांडणीतली जागा आठवली, आणि ती जागा चार दिवसांपूर्वी, शुक्रवारी, रिकामी झाली हेही आठवलं. लिलावाच्या ढिगावर तिची स्वतःची सही होती.

मुलीने कागद पुढे केला. शोध संपला, सामान मिळालं नाही. बाईने सही केली. जाताना तिचं आत्याकडे लक्ष गेलं, आत्या पिशवीकडे टक लावून बघत होती. बाई थोडीशी हसली आणि निघून गेली.

आत्या काही बोलली नाही.

खोलीत येऊन तिने काकांना सांगितलं. काकांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"करडी कोणी लिहिलं? मी. सही कोणाची? दोघांची. निवृत्तीला माझे दोन महिने राहिलेत."

"तुम्ही खोळ पाहिलीच नव्हती, असं लिहीन मी. तुम्ही यायच्या आत काढली होती. खरंच आहे ते."

"आणि यादीत तुझ्या हाताने कापड, फुलांचं, एक, असं आहे ते? सही करताना मी वाचलं नाही, असं लिहिणार?" मग जरा वेळाने, "बॅग गेली. आता सांगून त्या बाईला काय मिळणार आहे? नुसता मनस्ताप. तिने मनाला समजावलं असेल एव्हाना."

हे आत्याला पटलं. तिला ते पटलं, हेच तिला पुढे खात राहिलं.

घरी ती तीन दिवस जेवायच्या ताटासमोर नुसती बसायची. बाबांचा चष्मा पुन्हा हरवला. ते सवयीने म्हणाले, "ताई?" ती म्हणाली, "मला नका विचारू." तेव्हा मी तिला गच्चीवर नेलं आणि तिने हे सगळं मला सांगितलं. मी विचारलं, लिलावाचा माल जातो कुठे? तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी नवीन विचारलंय. सव्वीस वर्षांत ती ढिगाच्या पलीकडे कधी गेली नव्हती.

शनिवारी आम्ही दोघी गेलो. पत्र्याच्या शेडमध्ये नुसत्या उघड्या बॅगा, आ वासून पडलेल्या. कपडे एकीकडे, चार्जर एकीकडे, खेळणी एका टबात. ठेकेदार तिला ओळखत होता, कागदावरच्या सहीमुळे.

"ओहो, साक्षात सही चालत आली! काय हवं बोला."

आत्याने करडी बॅग सांगितली. ती परवाच विकली गेली होती. लाल कापड? त्याने शेडभर नजर फिरवली आणि एका पोत्याकडे बोट केलं. त्याची तुकडे करून गाडी पुसायची फडकी झाली होती.

"आणि लाकडाचे दोन पाय होते."

"एक गेला. एकाने दुकानाच्या काचेत मांडायला नेला. झकास होता. दुसरा कोण घेणार, वाकडा?"

"मग कुठे आहे?"

"तुमच्या पायाशी."

शेडचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून त्याखाली पाचर मारली होती. आत्या खाली बसली. तिने तो साचा ओढून काढला तसं दार धाडकन आपटलं आणि आतून कोणीतरी ओरडलं. पुढची बाजू फरशीवर घासून पांढरी पडली होती. टाचेवर कोरलेली एक रेघ मात्र शाबूत होती, बारीक, बूटवाल्याच्या हातची. आत्या कितीतरी वेळ तो साचा उलटासुलटा करत राहिली.

"न्या," ठेकेदार म्हणाला. "दाराला मी वीट लावीन. त्यात काय, ठोकळाच तो."

सोमवारी आत्याने साहेबांना लिहून दिलं. खोळ मी काढली, मालकाने पाहिलेला रंग लिहिला नाही, वस्तू काय आहे ते न विचारता ठरवलं, मंगळवारी ओळखूनही गप्प राहिले. काकांचं नाव एकदाच होतं, ते खोलीत नव्हते या वाक्यात. तरी काकांना खुलासा द्यावा लागला. शेवटचे दोन महिने ते तिच्याशी कामापुरतंच बोलले, आणि निरोपाच्या दिवशी त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला, तिच्यापाशी येऊन फक्त टोपण लावलेलं पेन खिशात ठेवलं. आत्याला त्या खोलीतून काढून कर्मचाऱ्यांच्या पासांच्या खिडकीत बसवलं. तिथे ती आजही आहे. तिथे उघडायचं काही नसतं.

बाई लगेच दुसऱ्या दिवशी, मंगळवारीच आली. तिला फोन आत्यानेच केला होता. आत्याने टेबलावर साचा ठेवला. बाईने आधी अंगठ्याने टाचेची रेघ शोधली, मग पुढच्या घासलेल्या जागेवर तिचं बोट थांबलं.

"इथे थोडं पोट होतं. इथेच जास्त टोचतं मला."

"दुसरं कुणी बघून..." आत्या म्हणाली.

"बघेल. दाखवते." तिने साचा स्वतःकडे ओढला. मग म्हणाली, "डावा नसला तरी चालतो मला. डाव्याचे बूट कुठेही मिळतात."

आत्याने सगळं सांगितलं. तेल, बेसिन, गज, घडी. बाईने मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी फक्त विचारलं, "त्या दिवशी तुम्ही माझ्या पिशवीकडे बघत होतात. मला वाटलं, यांना पिशवी आवडली. तेव्हाच का नाही बोललात?"

"घाबरले."

"तुम्ही घाबरलात," बाई म्हणाली. ती रागाने बोलली नाही, आणि आत्याला ते जास्त लागलं.

सामान ताब्यात घेतल्याचा कागद जुन्या यादीशी जुळावा लागतो. आत्याने यादी पुढे ठेवली. बाईने ती वरपासून वाचली. तिचे कपडे, तिचा कंगवा, तिच्या आईने शिवलेली खोळ, 'कापड, फुलांचं, एक'. मग तिचं बोट एका ओळीवर थांबलं.

"शोभेच्या वस्तू," तिने मोठ्याने वाचलं. "हे खोडा."

यादी खोडायची नसते, हा तिथला दुसरा नियम. आत्याने पेन घेतलं, ओळ खोडली, शेजारी छोटी सही केली.

"आता काय लिहू?" तिने विचारलं. सव्वीस वर्षांत हा प्रश्न तिने पहिल्यांदा मालकाला विचारला होता.

"उजवा पाय," बाई म्हणाली. "एक."

आत्याने तसंच लिहिलं. बाईने खाली सही केली, साचा लाल पिशवीत ठेवला आणि पुठ्ठ्याचा तुकडा घातलेला बूट टेकवत, ओढत, त्या लांब कॉरिडॉरमधून चालत गेली. आत्या दारात उभी राहून एक जड आणि एक हलकं, असं पाऊल ऐकत राहिली.