कीवमध्ये शालनताई बसमधून उतरल्या नाहीत

सेंट सोफिया चर्चसमोर बस थांबली. सगळे उतरले, शालनताई बसून राहिल्या.

"चर्च न्हाय बघायचं मला," त्या म्हणाल्या. "पोरीकडं न्या."

युक्रेनमधली लढाई सुरू होण्याआधीची ही गोष्ट. मी कोल्हापूरच्या एका ट्रॅव्हल कंपनीत टूर मॅनेजर होतो. म्हणजे ग्रुपबरोबर जायचं आणि सगळ्यांना धडपणे परत आणायचं. त्या खेपेला कीवमध्ये डॉक्टरकी शिकणाऱ्या मुलांचे आईवडील बरोबर होते. आदल्या दिवशी मुलं हॉटेलवर भेटून गेली. गडमुडशिंगीच्या शालनताईंची अश्विनी तेवढी आली नाही.

"परीक्षा असेल, ताई."

"परीक्षेत फोन बी उचलत न्हाईत व्हय?"

मी कोल्हापूरला साहेबांना फोन लावला.

"एकीसाठी ग्रुप सोडायचा नाही," ते म्हणाले.

मी बरं म्हणालो, ग्रुप तिथल्या गाइडकडे सोपवला आणि टॅक्सी केली.

हॉस्टेलच्या दारावर एका बाईंनी अडवलं. भाषा कळेना. शालनताईंनी मोबाइलमधला पोरीचा फोटो दाखवला आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवला. त्या बाई आम्हाला वर घेऊन गेल्या.

अश्विनीनं दार उघडलं. डोळे सुजलेले. आईला बघून ती मागेच सरकली.

"अॅनाटॉमीचा विषय राहिला, आई. वर्ष गेलं माझं."

शालनताई कॉटवर टेकल्या. "एवढंच व्हय? मला वाटलं, पोरीचं काय बरंवाईट झालं." आणि रडायला लागल्या. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

थोड्या वेळानं आतून आवाज आला, "तोंड धू. आता चर्च दाव मला. गावात बायका इचारतील की."

ग्रुप आम्हाला सेंट मायकेल चर्चपाशी भेटला. निळ्या भिंती, वर सोनेरी घुमट. गाइड बायकांना डोक्यावर घ्यायला रुमाल देत होती. शालनताईंनी पदर घेतला. अश्विनी माहिती सांगू लागली. आवाज अजून जडच होता.

"हे मूळचं नाही. जुनं पाडलं होतं. नंतर परत बांधलंय."

"व्हय?" शालनताई वर बघत म्हणाल्या. "वाटत न्हाय."

अश्विनीनं ते वर्ष पुन्हा केलं. पुढं लढाई लागली तेव्हा ती सुखरूप घरी आली, राहिलेलं शिक्षण दुसऱ्या देशात संपवलं. आता ती डॉक्टर आहे. मला परतल्यावर साहेबांची बोलणी खावी लागली. त्यांचंही चूक नव्हतं.

पण तेव्हापासून प्रत्येक टूर निघण्याआधी मी एकेकाला बाजूला घेऊन विचारतो, तुम्हाला तिथं नेमकं काय बघायचंय? निम्मे लोक जे सांगतात, ते पर्यटनस्थळ नसतं.