विहिरीचं पाणी आणि ट्रॅक्टरचं चाक

गोवा राज्य झालं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आमच्या दारात ट्रॅक्टर आला. जुनाच, घाटावरून आणलेला. त्यासाठी नवऱ्याने सुर्ल्याच्या खाणीवरची ट्रक चालवायची नोकरी सोडली होती. खाणीची धूळ छातीत बसून तो सारखा खोकायचा. आमोण्याची शेतं नांगरून पोट भरावं आणि त्याचा खोकला थांबावा, एवढंच मला हवं होतं.

वैशाखात मागच्या चाकाची ट्यूब फुटली. चाक जड व्हावं म्हणून आधीच्या मालकाने तिच्यात क्षार कालवलेलं पाणी भरलं होतं. ते रिमवर, बोल्टांवर सगळीकडे ओघळलं. पंक्चरवाल्याने ट्यूब बदलली आणि बजावलं, "आयजूच गोड्या उदकान धू. सुकलें काय मागीर तेल लाय. ना जाल्यार लोखंड खातलें तें."

विहीर तळाला गेली होती. रहाट ओढून ओढून माझे खांदे भरून आले होते. ते बघून नवरा ट्रॅक्टर नदीवर न्यायला निघाला. म्हणाला, "न्हंयर व्हरून धुतां. तुका त्रास नाका."

आता खरं सांगते. उन्हाळ्यात भरतीचं पाणी वर चढतं आणि आमची नदी खारट होते. आम्ही बायका तेव्हा तिथे कपडे नेत नाही, साबणाला फेसच येत नाही. त्यालाही हे ठाऊक असणार, पण होड्या वर्षानुवर्षं त्याच पाण्यात असतात, मग चाकाचं कुणाच्या मनात येतं? माझ्या मात्र आलं. अगदी ओठांवर आलं. पण बोलले असते तर वीस-पंचवीस कळशा मलाच काढाव्या लागल्या असत्या. मी भाताचं आधण बघायला आत गेले.

संध्याकाळी तो ट्रॅक्टर चकचकीत करून घेऊन आला. होडीला लावतात तसं काजूच्या टरफलाचं तेल त्याने रिमला दोनदा चोपडलं. खूश होता. तेलाखाली खार तसाच राहिला.

दुसऱ्या पावसाळ्यात, ऐन चिखलणीत, रिम बोल्टांपाशी फाटली. तसली रिम डिचोलीत मिळेना, वाळपईत मिळेना. हंगाम हातचा गेला. "हांवेंच बरी धुवूंक ना," तो स्वतःलाच दोष देत म्हणाला. मी तेव्हाही गप्पच बसले, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

तो परत सुर्ल्याला ट्रकवर गेला. रोज लाल धुळीने माखून यायचा. त्याच्या अंघोळीला, त्याच्या कपड्यांना मी विहिरीवरून कळशीमागून कळशी आणायची. कितीही आणली तरी मला कमीच वाटायची. तो पायरीवर खोकत बसलेला असायचा. खोकला जरा थांबला की म्हणायचा, "पुरो गो, थकतली तूं."