सईदा मन्यारणीनं अकोल्याहून कोणाला आणलं

"बाई अन् गुप्तहेर? तेही वऱ्हाडात, त्या काळी?" माझ्या कादंबरीचं हस्तलिखित परत देताना पुण्याचे प्रकाशक हसले. अस्सं डोकं फिरलं माझं! अहो, मी काय ती हवेतून काढली? सईदाची गोष्ट आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात.

ऐका. अमेरिकेत लढाई जुंपली अन् विलायतेच्या गिरण्या आपल्या कापसासाठी हपापल्या, ते दिवस. काळ्या जमिनीला सोन्याचं मोल आलेलं. अमरावतीची सईदा बांगड्यांची टोपली घेऊन पार अकोल्यापर्यंत गावोगाव फिरायची. मन्यारणीला कोण अडवणार? थेट चुलीपर्यंत जायची. हात तिच्या हातात दिला की बायका भडाभडा बोलायच्या. मग कुणी म्हणे, चोरीला गेलेली नथ शोधून दे. कुणी म्हणे, पोरीसाठी स्थळ आलंय, त्या घराची खरी खबर काढ. सईदा काढायची, अन् त्याचा मेहनताना वेगळा घ्यायची.

एकदा बडनेऱ्याजवळच्या गावात ती बांगड्या भरत होती. थोरली जाऊ मनकर्णा मनगटभर बांगड्या भरून उठली. धाकट्या रुख्मिणीनं हात पुढे केला, तशी मनकर्णा म्हणाली, "तिले राहू दे. पुढच्या फेरीले पाहू."

दुसऱ्याच दिवशी मनकर्णाचा नवरा सूर्यभान कापूस विकून अकोल्याहून परतला, तो ऊर बडवतच. रुख्मिणीचा नवरा पुंजाराम तिकडे रुईच्या गाठी दाबायच्या कामावर होता. तो पटकीनं गेला, म्हणे. पटकीची सगळी मढी तिथंच एकत्र जाळली, म्हणे. घरात एकच आकांत! दहाव्याला रुख्मिणीच्या बांगड्या फुटणार. मूलबाळ नव्हतं, म्हणजे पुंजारामच्या वाट्याचं शेतही सूर्यभानच्या घशात.

सईदा अजून गावातच होती. ती रुख्मिणीजवळ जाऊन बसली.

"रडू नको. सूर्यभान यायच्या आधीच तुह्या जावंनं तुह्या बांगड्या थांबवल्या. काहून? तिले आधीच कसं ठाऊक?"

रुख्मिणीनं डोळे पुसले अन् तिचं मनगट गच्च धरलं. "दहाव्याच्या आत जाऊन या वो सईदाबाई. खरं काय ते मले सांगा."

अन् काय सांगू, सईदा निघाली! मिळेल त्या कापसाच्या गाडीवर चढली. अकोल्यात रुई वेचणाऱ्या बायकांना बांगड्या भरत, हसत, बोलत एकेका ठिकाणी पुंजारामचं नाव विचारत फिरली. अन् सापडला की! धडधाकट! घामाघूम होऊन गाठी दाबत होता बापा!

इकडे दहावा उजाडला. रुख्मिणीला अंगणात बसवलं, पुढ्यात दगड ठेवला. म्हाताऱ्या बाया तिचा हात ओढतात, ती झटके देते. "थांबा! सईदाबाईले येऊ द्या!" सूर्यभान ओरडला, "उरका लवकर!"

तेवढ्यात दारात बैलगाडी थांबली. सईदानं उडी मारली अन् मागून पुंजाराम उतरला. बाया किंचाळल्या. सूर्यभानचं तोंड पांढरंफटक पडलं. रुख्मिणी धावत गेली अन् मधेच थबकली. नवऱ्याचं डोकं मुंडलेलं होतं, मिशीही काढलेली.

"कोन गेलं जी?" तिनं घाबरून विचारलं.

"तू," पुंजाराम म्हणाला. "दादानंच सांगतलं मले."