पॅट्रिकची आई

उषाकाकूंची सगळी नोकरी उज्जैन स्टेशनच्या तिकीट खिडकीवर गेली. लोकांना गावोगाव पाठवण्यात हयात सरली. जानेवारीत त्यांचे यजमान दत्तात्रयकाका वारले आणि फ्रीगंजच्या फ्लॅटमध्ये त्या एकट्या उरल्या. डब्लिनहून आलेला मुलगा प्रसाद दोन महिने राहिला. आज, सतरा मार्चला, तो परत निघाला होता. त्याने राहावं, एवढंच काकूंना हवं होतं. पण ते काही तोंडातून निघत नव्हतं.

जेवताना त्याच्या फोनवर हिरव्या टोप्यांतले फोटो आले.

"काय रे, तिकडेही होळी का?"

"सेंट पॅट्रिकचा दिवस गं. त्यांचा मोठा संत. त्याने म्हणे आयर्लंडमधले सगळे साप समुद्रात हाकलले."

"अगंबाई! अन् आपण नागपंचमीला नागोबाच्या दर्शनासाठी रात्रभर लाइनीत!"

"दंतकथा आहे. तिकडे साप नव्हतेच."

"मग खरं काय?"

"तो मुळात तिथला नव्हता. ब्रिटनचा. सोळाव्या वर्षी चाच्यांनी पळवून आयर्लंडला नेला, गुलाम म्हणून. सहा वर्षं गुरं-मेंढ्या राखल्या, मग पळून घरी आला."

काकूंचा घास हातातच राहिला. "आला ना घरी?"

"आला. घरचे म्हणाले, आता कुठे जाऊ नकोस."

"मग?"

प्रसाद अडखळला. "स्वप्नात तिकडच्या लोकांच्या हाका ऐकू आल्या. परत गेला."

"ज्यांनी राबवलं, त्यांच्यातच?"

"हो."

"आणि आई?"

"त्याने स्वतःची हकीकत लिहून ठेवलीय. त्यात वडिलांचं नाव आहे, आजोबांचं आहे. आईचं नाही."

"भात वाढू?" काकू म्हणाल्या.

इंदूरच्या विमानतळावर न्यायला टॅक्सी आली. हातावर दही घेतल्याशिवाय प्रसाद कधी प्रवासाला निघाला नव्हता.

"आई, दही?"

"विरजण लावलंच नाही."

"विसरलीस?"

"नाही."

खालून हॉर्न वाजला. "भैया, इंदौर पहुँचना है कि नहीं?"

प्रसाद जिना उतरला. बॅगा दारातच होत्या. गाडी परत पाठवायला गेला असेल, असं वाटून काकूंनी डोळे पुसले आणि त्याच्यासाठी चहाचं आधण ठेवलं.

तो टॉवर चौकातून दह्याची डबी घेऊन आला. झाकण फाडलं, तळहात पुढे केला.

"घाल ना, आई."

काकूंनी गॅस बंद केला. चमचाभर दही घातलं. त्याने चाटलं, वाकून नमस्कार केला. "येतो."

"दोन बॅगा कशा नेशील? एक दे इकडे," काकू म्हणाल्या आणि त्याच्या पुढेच जिना उतरू लागल्या.