साडेआठशेचा कार्ब्युरेटर

आमचा व्हर्लिन वाईट माणूस नाही. जन्मभर धान्याच्या कोठारावर राबला. शेजाऱ्याचा पंप बंद पडला तर भरल्या ताटावरून उठून जाणारा. पण गाडीचं बॉनेट उघडलं की याची अक्कल कुठे चरायला जाते, देव जाणे! एवढी वर्षं संसार केला, मला अजून पत्ता लागलेला नाही.

गाडी म्हणजे सत्तर सालची इम्पाला. टप उघडणारी, पुढे दांडगं इंजिन. बरी चालत होती हो! मी तिच्यातून किराणा आणायचे. मग वसंतातल्या एका शनिवारी बर्गरवाल्याच्या आवारात जुन्या गाड्यांच्या नादाचे हे सगळे म्हातारे आपापली बॉनेटं उघडून जमले आणि त्यांच्यातल्या बक श्लेगलने आमच्या इंजिनात डोकं घातलं.

"व्हर्लिन, एवढ्या धुडावर हा एवढासा कार्ब्युरेटर? गवत कापायच्या मशीनचा काढून आणलास की काय?"

झालं. सगळे खो खो हसले, आणि पुढच्याच आठवड्यात आमच्या साहेबांनी साडेआठशेचा आणून बसवला. साडेआठशे म्हणजे तो किती हवा गिळतो त्याचा आकडा. त्या आवारात कुणी कुणाची तब्येत विचारत नाही, हा आकडा विचारतात. जुना चांगला कार्ब्युरेटर याने कुणाच्या तरी बोटीसाठी देऊन टाकला.

असला मोठा कार्ब्युरेटर सुसाट पळायला ठीक. गाडी हळू चालली की त्यातून हवाही हळू जाते, पेट्रोलचं प्रमाण बिघडतं, इंजिन धूर ओकतं आणि गचकतं. हे मला चांगलं कळतं, कारण त्या धुरात बसते कोण? मी!

सप्टेंबरात आमची नात टेगन शाळेच्या होमकमिंगच्या, म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या वार्षिक सोहळ्याच्या, राजकन्यांमध्ये निवडून आली. या मुली मिरवणुकीत उघड्या गाडीच्या पाठीवर बसतात. गाडी बँडच्या मागून, माणसाच्या चालीने जाते. तिची आईही तिच्या वेळी याच इम्पालात बसली होती. टेगन धावतच घरी आली.

"आजोबा, मी तुमच्याच गाडीत बसणार. दुसऱ्या कुणाच्या नाही!"

व्हर्लिन गॅरेजमध्ये जाऊन नाक शिंकरत बसला. मला म्हणाला, धूळ फार आहे. कसली धूळ आणि कसलं काय!

आता माणसाच्या चालीने जायचं म्हणजे या कार्ब्युरेटरला नेमकं जमत नाही तेच. मी म्हटलं, लहान आण. तर म्हणे, "आर्डिस, प्रश्न आकाराचा नाही, जुळवणीचा आहे."

मग काय, जुळवणी सुरू. बक म्हणाला जेट बदल, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या त्या बारक्या तोट्या, याने बदलल्या. पोस्टातला माणूस म्हणाला स्प्रिंग बदल, तीही बदलली. एका दमात चार गोष्टी बदलायच्या आणि कशाने बिघडलं म्हणून डोकं खाजवत बसायचं. उभी असताना गाडी गोड गुरगुरायची आणि गिअर टाकला की आचका देऊन बंद.

म्हणून मला आत बसवलं. चाकांना ठोकळे, गिअर टाकलेला, माझा पाय ब्रेकवर आणि हा पुढे वाकून स्क्रू पिळतोय.

"पाय दाबून धर हं!"

"दाबूनच धरलाय! सुटला तर तूच चिरडला जाशील. मला कोणी दोष देणार नाही, सगळं गाव माझ्या बाजूने साक्ष देईल."

"जरा गप्प बस गं, इंजिन ऐकू येत नाही."

इंजिन ऐकू येत नाही म्हणे! बायको आजवर ऐकू आली नाही, त्याचं काय?

त्यातच याला टेगनला मागे बसवून चाचणी घ्यायची हौस आली. तीही शाळा सुटायच्या वेळी, शाळेच्या फाटकासमोरून. फाटकापाशी गाडीने एक आचका दिला, दुसरा दिला आणि मेली. मागे बसगाड्यांची रांग, सगळीकडे काळा धूर. पोरं ओरडतायत, "टेगन, ढकलायला येऊ का?" ती घरी आली आणि केस धुवायला गेली. बाहेर येऊन हुंगले, परत धुवायला गेली.

"काही नाही गं आजी, होईल ठीक," म्हणाली. पण आजोबांकडे तिने पाहिलं नाही.

ती गेली तशी मी भडकलेच. "व्हर्लिन, तुला नात मिरवायची आहे की आकडा?"

दोनेक दिवस तो गॅरेजमध्ये गेलाच नाही. मग मिरवणुकीच्या आदल्या सकाळी शेजारच्या गावी जाऊन लहान कार्ब्युरेटर घेऊन आला. या वेळी कुणाला फोन नाही, कुणाचा सल्ला नाही. गिअर टाकलेला, माझा पाय ब्रेकवर, एका वेळी एकच स्क्रू, तोही पाव फेरा. आणि काय सांगू! इंजिन एकसुरात घुमायला लागलं. वास नाही, धूर नाही. बाजारातून चालणाऱ्या माणसांच्या बरोबरीने फिरून आलो, एकदाही आचका नाही.

"तुझंच बरोबर होतं," तो म्हणाला. हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

त्याने तिथूनच स्पीकरवर फोन लावला. "टेगन, गाडी झाली बघ! उद्या किती वाजता येऊ?"

"आजोबा... मी बक अंकलना विचारलंय. परवाच. ते हो म्हणाले. त्यांच्या गाडीच्या दारावर माझ्या नावाची पाटीपण लागलीय. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

"अगं, पण आता ती चालतेय!"

"आजोबा, तुम्ही दर वेळी असंच म्हणता."

ती उद्धट नाही हो. हळूच म्हणाली, रडवेली होऊन. त्यानेच तर जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही फुटपाथवर उभे राहून मिरवणूक पाहिली. बकची गाडी समोरून गेली. टेगन निळ्या झग्यात काय देखणी दिसत होती! तिने आम्हाला बघून दोन्ही हात हलवले. व्हर्लिनने टोपी काढून हलवली, आणि गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत तो हलवतच राहिला.

मग आम्ही मागच्या गल्लीत आलो. इम्पाला तिथे धुऊन-पुसून उभी होती. त्याने किल्ली फिरवली आणि मेली एका झटक्यात सुरू झाली! गिअर टाकला, हूं नाही की चूं नाही.

"बघ आर्डिस, किती छान चालतेय," तो म्हणाला.

"हो रे," मी म्हटलं. मागची सीट रिकामी होती आणि मला इतका संताप आला होता, की तो कुणावर काढावा तेच कळेना.