भावोजींचा राग माझ्याकडे होता

राग दुसऱ्याकडे ठेवायला देता येतो, हे मला आमच्या भावोजींनी शिकवलं. शिकवलं कसलं, गळ्यातच मारलं!

भावोजी म्हणजे माझ्या ताईचे नवरे. काचेच्या दुकानात काचा कापायला होते. टेबलावर काच आडवी टाकायची, पट्टी लावायची आणि हिऱ्याच्या टोकाने एका दमात रेघ ओढायची. मधे हात हलला की काच भलतीकडेच तडकते. इतकी वर्षं त्यांचा हात कधी हलला नव्हता, पण हल्ली दुपारनंतर थरथरायला लागला होता. लागोपाठ काचा फुटल्या, तसा मालक म्हणाला, “आणखी एक मोठी काच गेली ना, की टेबल सोडायचं आणि मागे बसून खिडक्यांच्या फटींत लांबीचा लगदा भरायचा.” कापणाऱ्याला लांबी भरायला बसवणं म्हणजे गवयाला खुर्च्या मांडायला लावणं. भावोजींनी तर हाय खाल्ली.

त्याच सुमारास मालकाने कामगारांसाठी एक टायवाले व्याख्याते आणले. ते म्हणाले, माणसाच्या अंगात एनर्जी मोजकीच असते. ती कुठे गळते ते शोधा आणि गळती बंद करा. वेळेवर झोपा, कामात मधेमधे जरा टेका, जेवण बसून करा, असंही बोलले होते म्हणे. पण ते भावोजींना फारच किरकोळ वाटलं. झोपायला काय, कुणीही झोपतं! त्यांनी गळतीचं तेवढं उचललं.

सुट्टीच्या दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांना जेवणाच्या टेबलाशी बसवलं. मी, ताई आणि आमची आई.

“माझी गळती सापडली,” भावोजी म्हणाले. “राग, काळजी आणि रडू. आजपासून यातलं काही मी करणार नाही. तुम्ही वाटून घ्या.”

“पण तुम्ही रडता कधी?” ताईने विचारलं.

“तेच तर! न रडायलाच फार ताकद लागते.”

काळजी आईकडे गेली. “त्यात काय एवढं, जावईबापू? आणा इकडे,” म्हणून तिने पदरच खोचला. रडू ताईच्या वाट्याला आलं. राहिला राग. मी बस कंडक्टर. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावरच बसलेला असतो, हे सगळ्या गल्लीला ठाऊक.

“तुझी चूल पेटलेलीच असते,” भावोजी मला म्हणाले. “त्यावर माझंही भांडं ठेव.”

असल्या लष्कराच्या भाकऱ्या भाजायला मी हो का म्हणालो? ताईच्या तोंडाकडे बघून. टेबल सुटलं असतं तर हा माणूस खचला असता, आणि तिला ते बघवलं नसतं.

मग रोजचंच झालं. संध्याकाळी भावोजी यायचे, चपला काढायचे आणि थंडपणे सांगायचे, “आज मालक सगळ्यांसमोर मला म्हातारा म्हणाला. घे.” घे म्हणजे रागाव. की मी लालबुंद! मालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचो, टेबलावर मूठ आपटायचो. भावोजी चहा पीत बघत बसायचे. “अजून जरा. टकल्याही म्हणाला.” मी पुन्हा सुरू. संपलं की “बरं वाटलं हं,” म्हणून घरी.

आधीच मर्कट, त्यात मद्य प्यायला, अशी माझी गत झाली. बसमध्ये मात्र उलटंच. एकदा एका बाबाने पत्र्याची पेटी सरळ माझ्या पायावर ठेवली. राग येणारच होता, पण म्हटलं, संध्याकाळी भावोजींना पुरला पाहिजे. “नीट बसली ना पेटी?” असं मीच त्याला विचारलं. अख्खी बस माझ्याकडे बघायला लागली.

आई दुकानासमोरच्या बाकावर बसून दुपारभर जावयाचा हात न्याहाळायची. तिचं जेवण सुटलं. ताई कपडे वाळत घालता घालता मधेच खाली बसायची, रडायची, डोळे पुसून पुन्हा दोरीशी उभी राहायची.

“हे तुझं की त्यांचं?” मी एकदा विचारलं.

“आता कळत नाही रे,” ती म्हणाली.

आणि भावोजी? टवटवीत! हात असा स्थिर, की मालकही गप्प झाला. माझा हात मात्र मुठी आपटून आपटून कप धरतानाही लटपटायला लागला होता. पण आमच्याकडे बघतंय कोण!

मग नाचाच्या क्लासचा आरसा आला. भिंतभर, एकसंध. मालकाने सांगितलं, हा धड गेला तर टेबल कायमचं तुमचं, फुटला तर लांबी. नेमका उचलणारा एक माणूस आजारी पडला. माझी सुट्टी होती, म्हणून भावोजींनी मला नेलं. वाटेत म्हणाले, “मालकाने काल माझा बाप काढला. आत्ताच रागावून घे, तिथे वेळ मिळणार नाही.” मी भर रस्त्यात रागावून घेतलं.

दुकानात भावोजींनी पट्टी लावली आणि रेघ ओढली. अहाहा! काच कट्कन सरळ सुटली. कामगारांनी टाळ्या वाजवल्या, मालक चक्क हसला.

आता फक्त उचलून गाडीत ठेवायचा. एका टोकाला भावोजी, दुसऱ्या टोकाला मी.

“धरलंस?”

“धरलंय.”

कसलं धरलंय! माझे दोन्ही हात थडथड उडायला लागले, आणि आरसा धाडकन खाली. तुकडेच तुकडे.

सगळ्यांनी भावोजींकडे पाहिलं. भावोजींनी माझ्याकडे. चेहरा कोरा.

“घे,” ते म्हणाले.

म्हणजे काय? त्यांच्या वतीने रागवायचं काम माझं, आणि आरसा पाडणाराही मीच! पण काम ते काम. मी माझीच कॉलर धरली. “मूर्खा! हात आहेत की फडकी? या माणसाचं टेबल घालवलंस! कुठल्या तोंडाने बहिणीच्या दारात जाणार आहेस?” मालक घाबरून मागे सरकला. मी स्वतःला एक थोबाडीतही दिली. दुसरी देणार, तेवढ्यात भावोजींनी माझा हात पकडला. त्यांचा हात थरथरत होता.

“थांब,” ते म्हणाले. “तो राग माझा आहे. दे इकडे.”

आणि त्यांनी मला असं झाडलं, असं झाडलं, की रस्त्यावरची माणसं दारात जमा झाली. ऐकताना मला मात्र डोक्यावरचं ओझं कुणीतरी उतरवल्यासारखं वाटत होतं. मालकाने मागच्या खोलीकडे बोट दाखवलं. म्हणजे उद्यापासून लांबी. भावोजींनी टेबलावरून एकदा हात फिरवला आणि घरी निघाले.

बाकावरून आई धावत आली. “आई, काळजीही द्या परत,” भावोजी म्हणाले.

“थोडी राहू द्या माझ्याकडे,” आई म्हणाली. “सवय झालीय हो.”

घरी ताईने दार उघडलं. काय झालं ते तिला आमची तोंडं बघूनच कळलं. भावोजी दारातच खाली बसले आणि ओक्साबोक्शी रडायला लागले. शेजारच्यांनी दारं उघडली. मला वाटलं, आता हिचंही सुरू होणार.

पण तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. हातातला ओला टॉवेल खुंटीला अडकवून ती त्यांच्या शेजारी बसली, भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटले.

“रडा,” ती म्हणाली. “सावकाश रडा. मला जरा बसू द्या.”