हाड म्हटल्याशिवाय गाणं नाही

वडगावात करंट गेला की घराघरातून शिव्या ऐकू येतात. माग मध्येच थांबतात, साडीचा पदर अर्धा राहतो, बायामाणसं दारात येऊन वारा घेतात. त्या वेळी अख्ख्या गल्लीत एकच माणूस खूश असतो, तो म्हणजे मल्लाप्पाचा सिद्धेश. आभाळातून काही पडल्यासारखा तो हसतो आणि पळत आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतो.

त्याचं काम आवाजाचं. माग चालू असले की भिंतीसुद्धा खटखट करतात, मग तिथं गाणं कसं रेकॉर्ड करणार? म्हणून करंट गेला, गल्ली गप्प झाली, की हा लॅपटॉपच्या बॅटरीवर गाणी धरतो. मल्लाप्पा मला म्हणतो, "गुंडूअण्णा, करंट गेल्यावर कामाला लागणारा इणकर बघितलायसा कुठं?"

नोकरी म्हणाल तर कुणाची नाही. कुणी विचारलं, "कुठल्या कंपनीत असतोस रं?" तर कानाला हात लावतो. लग्नाची गाणी, जत्रेची गाणी, कानडी भजनं, मराठी भजनं, जे येईल ते घेतो. कच्चा आवाज आणून दिला की त्यातला खोकला काढतो, बांगड्यांची किणकिण काढतो, मागं तबला, बासरी भरतो आणि परत देतो. आपलंच गाणं आंघोळ करून नवीन कपडे घालून आल्यासारखं वाटतं.

आमच्या अनगोळच्या भजनी मंडळाची गंमत सांगतो. रेकॉर्डिंगला प्रत्येकाचं एकच म्हणणं, माझा आवाज वर ठेव. भांडणाची वेळ आली. या पठ्ठ्यानं काय करावं? गाताना ज्याच्या कानाला जो हेडफोन, त्यात त्याचाच आवाज मोठा सोडला. सगळे खूश! घरी जाताना जो तो मला कोपऱ्यात घेऊन सांगत होता, "गुंडूअण्णा, आज मीच उठून दिसलो बघा."

तर असा हा सिद्धेश. त्याच्याकडं मी माझ्या विहीणबाईंना घेऊन गेलो, ती खरी गोष्ट.

माझी नात दिपाली बेंगळुरात असते. तिला मुलगी झाली. माझी पणती, आणि कणकुंबीच्या गुणाबाईंचीही पणतीच, कारण त्या दिपालीच्या बापाची आई. दिपाली लहानपणी गुणाबाईंच्या अंगाईवर झोपायची. आता तिला तीच अंगाई बाळासाठी हवी होती. गुणाबाईंचे गुडघे गेलेले, बेंगळूर काही त्यांच्यानं होणार नाही. म्हणून त्यांनी फोनवर गाऊन पाठवली. पण ती अंगाई निम्मी ओठ मिटून गुणगुणायची असते, आणि फोनला ते गुणगुणणं म्हणजे नुसता गोंगाट वाटतो. त्यानं तेवढं गिळून टाकलं. तिकडं बाळाला दोन शब्द ऐकू यायचे, मग रिकामं, मग दोन शब्द.

"व्याही, माझा आवाज तिथवर पोचंना झालाय," गुणाबाई म्हणाल्या. "माझ्या मांडीवर तर ती येत न्हाई. कानात बी न्हाई आले, तर मी हाय हे तिला कळायचं कसं?"

मी त्यांना सिद्धेशकडं घेऊन आलो ते दुपारी. त्या दिवशी लाइनचं काम होतं, करंट जाणार हे ठरलेलं. आम्ही चहा घेतला आणि वाट बघत बसलो. मग एकदम सगळे माग थांबले. तळ्यात बुडी मारल्यावर वरचं जग कसं लांब जातं, तशी ती गल्ली लांब गेली.

खोलीच्या भिंतींना जुन्या गोधड्या लावलेल्या. गुणाबाईंना मधे बसवलं, डोक्यावरच्या पदरावरून हेडफोन चढवला. पलीकडं लॅपटॉपपाशी सिद्धेश. सकाळभर तो कुणा बायाक्काची आधी धरलेली कानडी भजनं साफ करत होता, जीभ त्याच भाषेत बसलेली. तो माइकमध्ये अगदी प्रेमानं म्हणाला, "हाड्री आज्जी, हाड्री."

गुणाबाईंनी हेडफोन काढला. उठल्या. चपला शोधायला लागल्या.

"काय झालं, विहीणबाई?"

"माणसाला घरी बोलवून हाड हाड करायचं? आधी वाटलं, कुत्रं शिरलं आसंल. सगळीकडं बघितलं. खोलीत कुत्रं न्हाई. म्हंजे मलाच की!"

मला हसू आवरेना, त्यामुळं त्या आणखीच भडकल्या. सिद्धेश धावत आला, पाय धरले. "आज्जी, कानडीत हाडू म्हंजे गाणं. हाड्री म्हंजे गावा तुम्ही. आदरानंच म्हटलो हो!"

गुणाबाईंचं चपला शोधणं थांबलं. "गाण्याला हाड म्हणत्यात? मग कुत्र्याला काय म्हणत्यात, गा?"

मल्लाप्पा दारात उभा होता, तोसुद्धा हसून भिंतीला टेकला. त्या परत बसल्या, पण गळा उघडेना. दोनदा सुरुवात केली, दोनदा थांबल्या. करंट कधीही येईल म्हणून माझा जीव वरखाली. त्या म्हणाल्या, "हितं माझाच श्वास मला ऐकू येतोय. आमच्याकडं कसं, नदीचा उगमच हाय, पाणी वाजत आसतंय कायम. त्याला धरून मी गाती."

कुठल्याशा गाण्यासाठी सिद्धेश एकदा कणकुंबीच्या रानात जाऊन ओढ्याचा आवाज धरून आला होता. तो त्यानं शोधला आणि हळूच त्यांच्या कानात सोडला. आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं. फक्त गुणाबाईंचा चेहरा दिसत होता. कपाळावरच्या आठ्या एकेक करून सुटल्या, डोळे मिटले, मान किंचित हलायला लागली. त्या कणकुंबीला पोचल्या होत्या.

पण गाईनात. सिद्धेशनं हातानं खूण केली. डोळे मिटलेलेच, त्या म्हणाल्या, "म्हण की रं."

"काय आज्जी?"

"हाड म्हण. त्याबिगर सुरू कसं व्हायचं?"

"हाड्री, आज्जी," तो म्हणाला.

आणि त्या गायल्या. नीज गं बाळी, नदी अजून न्हान हाय, उद्या तिला डोंगराखाली लांब जायाचं हाय. मग ओठ मिटून ते गुणगुणणं. मला वाटलं, गोधड्यांवरची फुलं हलतायत. कुणीतरी मलाच मांडीवर घेतलंय, खाली पाणी वाहतंय आणि मी किती वर्षांचा आहे ते मला आठवत नाही. मधेच दिवा लागला. करंट आला होता. शेजारचा एक माग सुरू झाला, पण लांबचा. मल्लाप्पा आपल्या मागाच्या बटणापाशी हात मागं बांधून उभा राहिला, गाणं संपेपर्यंत.

सिद्धेशनं खोकले काढले, तो लांबचा माग काढला. "हाड्री" काढायला गेला तर गुणाबाईंनी काढू दिलं नाही. "ते गाण्याचंच हाय," म्हणाल्या.

चार दिवसांनी गुणाबाईंना दिपालीचा फोन आला, अगदी कुजबुजत. "आजी, बाळी रडत होती, हे लावलं. सुरुवातीला कोणतरी हाड्री म्हणतंय ना, तिथंच गप झाली. तुझं गुणगुणणं आलं नि डोळे मिटले बघ. त्ये हाड्री कोण म्हणतंय गं?"

"निजली?" गुणाबाईंनी विचारलं.

"हो, निजली."

"मग ठेव गं फोन. उठंल ती."